मयताच्या मागे राहिलेले कागद

दोन महिन्यांपूर्वीच्या अंकात याच सदरात मी लिहिले होते की, घरातला कर्ता पुरुष गेल्यावर त्याने लपवलेल्या गोष्टी घरातल्या बायका एकेक करून उलगडत जातात, या कल्पनेवरची रहस्यकादंबरी मराठीत नव्याने लिहिली जावी आणि ती कोल्हापुरात घडावी. त्यानंतर आलेल्या पत्रांत अशी कादंबरी प्रत्यक्ष लिहायला घेतलेल्यांची पत्रे बरीच आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयात मी अनेक वर्षे वाटपाचे आणि वारसाचे दावे चालवले, त्यामुळे माझी उत्तरे कागदपत्रांकडे झुकलेली असतील. परंतु ज्या बायकांची वकीलपत्रे मी घेतली, त्यांच्याकडूनच मला कळले की पुरुषाचे गुपित त्याच्या हुशारीवर क्वचितच टिकते. घरातल्या बाईने कागद मागायचा नसतो, या रिवाजावर ते टिकते. पुढची सगळी उत्तरे याच एका अनुभवातून आलेली आहेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीत एका गूळ अडत्याचा अचानक मृत्यू होतो. त्याची पत्नी, विधवा बहीण आणि सून अशा तिघी मागे राहतात. तेराव्यानंतर कपाट आवरताना सुनेला त्याची डायरी सापडते आणि त्यातून सर्व गुपिते कळतात. हस्तलिखित वाचून मैत्रीण म्हणाली की डायरी नको. मग काय सापडावे?
(एक भगिनी, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : ताई, मैत्रिणीचे म्हणणे मला पटते. डायरीत मयत माणूस स्वतःच सगळे सांगून टाकतो, आणि ज्या तिघींची ही कादंबरी आहे त्यांना केवळ वाचण्याचे काम उरते. शिवाय मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांना उभा राहणारा माणूस खतावणी लिहितो, शेतकऱ्याला द्यायची पट्टी लिहितो, मनातले मात्र कागदावर उतरवत नाही. त्याच्या मागे राहतात ते व्यवहाराचे कागद. अशा कागदाचा गुण असा की तो अर्धेच सांगतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला दुसऱ्या कार्यालयाच्या दारात पाठवतो. तुमच्या तिघींना घराबाहेर काढायला तेवढे पुरेसे आहे.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करता येईल. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि पुढे बँक, विमा, गॅसची जोडणी, गाडीचे कागद अशा प्रत्येक ठिकाणी दाखल्याची प्रत लागते. सून महापालिकेत प्रती आणायला जाते तेव्हा खिडकीवरचा कारकून सहज म्हणतो, "परवाच तुमच्यातलं कोणीतरी चार प्रती घेऊन गेलं की." घरातून तर कोणीच गेलेले नसते. या एका वाक्यात तुमच्या डायरीची चाळीस पाने मावतात, आणि वाचकाला सुनेइतकेच कळते, त्याहून जास्त कळत नाही.

त्यानंतर सातबारा. करवीर तालुक्यात या माणसाची थोडी शेती असेल तर वारस नोंदीसाठी तिघींना तलाठ्याकडे जावेच लागेल. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असते, बारामध्ये पीकपाहणी असते. रहस्य लिहिणाऱ्याने पाहायची जागा म्हणजे नमुना सातमधील 'इतर हक्क' हा रकाना, कारण कर्जाचा बोजा, गहाण, कुळाचे नाव असे सर्व काही तेथे येते. नावांशेजारी फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचे क्रमांक असतात. त्या क्रमांकाचा फेरफार उतारा काढला की नाव कधी आले, कधी गेले आणि कशामुळे गेले, म्हणजे वारसाने, खरेदीने, बक्षीसपत्राने की हक्कसोडीने, हे समजते. वारस नोंदीसाठी अर्ज दिल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. या पंधरा दिवसांत एखाद्या अनोळखी नावाने हरकत दाखल झाली, तर तुमच्या कादंबरीचे एक प्रकरण तेथेच उभे राहते.

तुम्ही विधवा बहीण योजली आहे, तिच्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवीन. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावे लागतात, आणि वर्ष-दोन वर्षांत, बहुधा राखीपौर्णिमा किंवा दिवाळीच्या मुक्कामात, ती नावे हक्कसोडपत्राने उतरतात. बहिणीला सांगितलेले असते की गावच्या शेती सोसायटीचे कर्ज काढायचे आहे, एक सही हवी आहे. माहेर तुटू नये म्हणून ती विचारत नाही. तुमच्या कादंबरीतल्या आत्याने फेरफार उतारा हातात घ्यावा आणि भावाचे गुपित शोधता शोधता तिला स्वतःची सही सापडावी. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या 'इंडेक्स टू'मध्ये, त्याचा शोध घेता येतो, आणि हल्लीच्या दस्तावर तिचा फोटो आणि अंगठ्याचा ठसाही दिसतो. म्हणजे ती तेथे स्वतः गेली होती, कॅमेऱ्यासमोर बसली होती, आणि तरीही तिला काही माहीत नव्हते. अशा बायका मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या पाहिल्या आहेत. फसवल्याच्या रागाआधी त्यांच्या तोंडावर लाज येते, आणि ती लाज त्यांची नसते.

येथे कायदा तुम्हाला कादंबरीचे घड्याळही देतो. फसवणुकीने करून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा असेल तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. त्यामुळे न्यायालयात खरा प्रश्न 'काय घडले' इतकाच राहत नाही, 'बाई, तुम्हाला हे कधी कळले' हा होतो. समोरचा वकील दाखवू पाहील की तिला पूर्वीच माहीत होते. आणि तुमच्या कादंबरीत ज्या एका व्यक्तीला हे खरोखर पूर्वीपासून माहीत असू शकते, ती मयताची पत्नी आहे. त्या दिवशी निबंधक कार्यालयातून सगळे परत आले तेव्हा चहा तिनेच केला असणार. नवऱ्याने तिला काय सांगितले होते, तिने किती विचारले आणि किती विचारले नाही, यावर नणंद-भावजयीचे पुढचे सगळे प्रसंग उभे राहतील. मला तुमच्या कादंबरीत सर्वात जास्त उत्सुकता या दोघींची आहे.

आणखी एक सुचवते. पुरुषाचे कागद शोधताना बायकांच्या हातच्या नोंदी विसरू नका. दूध संस्थेचे कार्ड, दहा दिवसांनी येणारे बिल, दिवाळीला मिळणारा दूधदराचा फरक, बचत गटाची वही, भिशीचे नंबर, हे सर्व पत्नीच्या तोंडपाठ असते. अडत्याच्या खतावणीतली एखादी न जुळणारी रक्कम तिच्याच जुन्या बचत गटाच्या वहीतील कर्जाच्या तारखेशी जुळावी. नवऱ्याने आपल्याकडून घेतलेले पैसे कोठे गेले, हे तिला स्वतःच्या अक्षरातूनच कळावे.

प्रश्न : कादंबरीतली सून पुण्याची आहे आणि सासर कागल तालुक्यातले आहे. सर्व संवाद प्रमाण भाषेत लिहावेत की कोल्हापुरी बोलीत? बोली जास्त झाली तर रहस्याचा वेग कमी होईल अशी भीती वाटते.
(एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : बोली केवळ वातावरणासाठी आणली तर वेग नक्कीच कमी होतो. तिच्यातच पुरावा ठेवला तर तसे होत नाही. आपल्या भागातील अनेक बायका स्वतःविषयी बोलताना 'मी येतो', 'मी गेलो', 'मी बघतो' अशी रूपे वापरतात, जी प्रमाण मराठीत पुरुषाची मानली जातात. शेजारच्या कन्नड भाषेत प्रथमपुरुषी क्रियापदात स्त्री-पुरुष असा भेद नाही, आणि आपल्या बोलीवर त्याची छाया पडली असावी असे मला वाटते. आपल्या कानाला यात काही वेगळे जाणवत नाही, पण पुण्याहून आलेल्या मुलीला पहिल्या महिन्यात ते फार जाणवते, आणि नंतर तिलाही सवय होते.

आता समजा, सासऱ्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात तिला एक निनावी चिठ्ठी सापडली : 'मी वाट बघतो. सोमवारी न चुकता या. पोराची फी भरायची हाय.' सून ती वाचते आणि पुरुषाने लिहिली असे धरून चालते. सासऱ्यांचा कोणी सावकार, कोणी भागीदार, कोणी धमकावणारा माणूस असावा म्हणून ती निम्मी कादंबरी त्याच्या शोधात फिरते. वाचता न येणाऱ्या आजेसासूला एके रात्री ती चिठ्ठी वाचून दाखवली जाते, आणि म्हातारी अंधारात तेवढेच म्हणते, "हे बाईनं लिवलंय." या क्षणी सुनेच्या आतापर्यंतच्या प्रत्येक तर्काला पुन्हा तपासावे लागते, आणि ही उकल कोल्हापूर सोडून इतर ठिकाणच्या कादंबरीत सहजासहजी घडणार नाही.

हा पुरावा वाचकाशी प्रामाणिकही आहे. चिठ्ठीत 'या' आहे. बरोबरीच्या मित्राने 'ये' लिहिले असते. घरातला मालक मानून अहो-जाहो करणारी बाई 'या' लिहील. चाणाक्ष वाचकाला ते आधी दिसेल, आणि शेवटी ज्याला दिसले नाही तो मागची पाने उलटून पाहील. मात्र यासाठी तुम्हाला आधीच्या प्रकरणांत घरातल्या दोन-तीन बायकांच्या तोंडी 'मी जातो', 'मी आलो' अगदी सहज घालून ठेवावे लागेल, त्याकडे लक्ष न वेधता. निवेदन प्रमाण मराठीतच ठेवा. बोलणाऱ्यांची बोली शब्दांच्या मोडतोडीतून दाखवण्यापेक्षा वाक्याच्या चालीतून, 'की', 'व्हय', 'न्हाई', 'तर' यांच्या जागेवरून दाखवली तर वाचताना अडखळायला होत नाही.

प्रश्न : माझ्या कथानकात मयताचे सांगलीत दुसरे घर असते. तेथील स्त्रीशी त्याने देवळात लग्न केलेले असते आणि त्यांना एक मुलगी असते. बँकेतील सर्व ठेवींना त्याने त्या स्त्रीचे नाव नॉमिनी म्हणून दिलेले असते. शेवटी सर्व संपत्ती तिला मिळते आणि पहिली पत्नी रस्त्यावर येते, असा धक्का योजला आहे. तो योग्य वाटतो का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : धक्का प्रभावी आहे, पण कायद्याने चुकीचा आहे, आणि अशी कादंबरी अनेक विधवा स्त्रिया वाचतील म्हणून मी आग्रहाने सांगते की तो बदला. एका चुकीच्या समजुतीमुळे हक्क सोडून दिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि ती समजूत त्यांनी कोठेतरी ऐकलेली किंवा वाचलेलीच होती.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक नॉमिनीच्या हाती रक्कम देऊन मोकळी होते, पण त्या रकमेवर वारसांचा हक्क राहतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. विम्याच्या बाबतीत मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर त्यांचे स्थान वेगळे आहे, त्यामुळे कथानकात विमा आणि ठेव एकत्र मिसळू नका.

मृत्युपत्र नसेल तर स्वकष्टार्जित मालमत्ता १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातील वारसांना जाते. पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने शून्य ठरते, म्हणून सांगलीची स्त्री वारस होत नाही. तिची मुलगी मात्र त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे औरस मानली जाते आणि वडिलांच्या मालमत्तेत वाटेकरी होते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जो हिस्सा आला असता, त्यातही अशा अपत्याला वाटा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी सांगितले. आता तुमच्या कुटुंबाचा हिशेब मांडा. पत्नी, तिची समजा दोन मुले, सांगलीची मुलगी, आणि मयताची आई हयात असेल तर तीही, असे पाच समान वाटे होतात. लेखक या आईला नेहमी विसरतात. जिने मुलाचे दुसरे घर माहीत असून झाकले असेल, अशी सासू स्वतःही वाटेकरी आहे, आणि तिने आपला वाटा कोणाच्या पदरात टाकावा हा तुमच्या कादंबरीचा शेवट होऊ शकतो. माझ्या मते तो तुमच्या आताच्या शेवटाहून कितीतरी जास्त थरारक होईल.

मृत्युपत्र आणायचे असेल तर त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी मात्र सक्तीची नाही. ते दोघे कोण, हे वाचकाला आधी सांगू नका. आणि बँकेचाच धागा ठेवायचा असेल तर १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नॉमिनी देता येतात आणि प्रत्येकाचा टक्का ठरवता येतो, लॉकरला मात्र ते एकापाठोपाठ एक असेच देता येतात. तीन नावे ओळखीची आणि चौथे नाव कोणीच न ऐकलेले, एवढा एक कागद कथेत पुरेसा आहे.

सांगलीच्या स्त्रीविषयी एक विनंती. तिलाही फसवले गेले असण्याची शक्यता खुली ठेवा. पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगितली आहे, म्हणजे कायदाही त्या फसवणुकीला साध्या द्विभार्या गुन्ह्याहून गंभीर मानतो. परंतु आरोपी मयत झाला की फौजदारी खटला उरतच नाही. या दोघींचा राग घेऊन जायला कोणतेही न्यायालय नाही. त्या दोघी एकमेकींसमोर आल्यावर तो राग कोठे जातो, हे लिहिण्याचे काम वकिलाचे नाही, तुमचे आहे.

प्रश्न : मृत्यू नैसर्गिक ठेवावा की खून दाखवावा? खून नसेल तर वाचक शेवटपर्यंत थांबेल का?
(एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : थांबेल. मेला कसा, यापेक्षा जगला कसा, हे शोधणाऱ्या बायकांच्या कथेत खुनाची गरज नसते. तरीही संशयास्पद मृत्यू हवा असेल तर घटनेची तारीख आधी पक्की करा, कारण १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना जुन्या दंडसंहितेऐवजी भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात. सुरुवातीला पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतील, पंचनामा होईल, सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन होईल आणि शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे अवयवांचे नमुने, राखून प्रयोगशाळेत पाठवला जाईल. तो अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही. त्या वाट पाहण्याच्या काळात घरात काय घडते ते लिहा.

प्रश्न : आमचे गाव दरवर्षी पुराच्या छायेत असते. २०१९ च्या महापुराचा उपयोग रहस्यासाठी करावा असे वाटते, पण 'पुरात कागद वाहून गेले' यापलीकडे काही सुचत नाही.
(एक वाचक भगिनी, प्रयाग चिखली)

उत्तर : ताई, वाहून गेलेल्या कागदांपेक्षा वाचवलेल्या वस्तूंकडे पाहा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पाणी चढताना प्रत्येक घरात एक क्रम ठरतो : आधी म्हातारी माणसे आणि मुले, मग जनावरे, मग धान्य, मग ट्रंक. माणसाला काय प्रिय आहे, हे त्या क्रमावरून कळते.

तुमच्या कथेतील पुरुषाने त्या रात्री काय केले ते आठवायला त्याच्या पत्नीला लावा. पाणी ओट्याला लागल्यावर तो 'ट्रॅक्टर बघून येतो' म्हणून गेला आणि सकाळपर्यंत आला नाही. जनावरे सोडून म्हातारीला माळ्यावर चढवण्याचे काम तिने एकटीने केले. त्या वेळी तिला वाटले की तो अडकला असेल. पाच वर्षांनी, त्याच्या मृत्यूनंतर, दुसऱ्या वस्तीतल्या एका बाईकडून तिला कळावे की त्या रात्री त्याने कोणाचे सामान गच्चीवर चढवून दिले. पूर ओसरल्यावर सानुग्रह अनुदानासाठी घरोघर पंचनामे झाले होते. त्या वस्तीतल्या एका पंचनाम्यावर कुटुंबप्रमुख म्हणून कोणाचे नाव लागले, हा तिला सापडणारा कागद. पण माझ्या दृष्टीने कागदापेक्षा ती रात्र मोठी आहे. तुम्ही स्वतः पूर पाहिलेला आहे, तेव्हा घरात परतल्यावरचा गाळाचा वास, फुगून न उघडणारे कपाट, भिंतीवर राहिलेली पाण्याची रेघ, यांबद्दल मी तुम्हाला काही सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : कादंबरी पतीच्या अंत्यविधीपासून सुरू होते. बांगड्या फोडण्याचा प्रसंग परिणामकारक वाटतो, पण तो फार वेळा वापरला गेला आहे का?
(एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : तुमच्या जयसिंगपूरहून जवळच असलेल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हा आदर्श घ्यावा असे परिपत्रक काढले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तोही याच भूमीवर. असे असताना आजच्या शिरोळ तालुक्यातील कादंबरी बांगड्या फोडण्याने सुरू झाली, तर ती आपल्याच लोकांनी टाकलेले पाऊल पुसून टाकील. प्रसंग उलटा करून पाहा. बायका पुढे येतात, गावातील एक शिक्षिका ठरावाची आठवण करून देते, हात मागे होतात, आणि बांगड्या हातातच राहतात. पुढे तेराव्या दिवशी, नवऱ्याचे दुसरे आयुष्य कळल्यावर, त्या बांगड्या ती स्वतःहून उतरवते की नाही, हा प्रश्न तुमच्या नायिकेचा स्वतःचा होईल. आजवरच्या अशा कथांत तो निर्णय बहुधा दुसऱ्यांनीच घेतलेला असतो.

प्रश्न : खरे सांगायचे तर माझी कादंबरी माझ्या सख्ख्या काकांवर आधारलेली आहे. ते वारले, आणि दोन वर्षांनी आत्या व काकू यांना बऱ्याच गोष्टी कळल्या. मी नावे बदलली आहेत. माणूस हयात नसताना बदनामीचा प्रश्न येतो का? आणि मी हे लिहावे का?
(नाव न देण्याच्या विनंतीसह, कोल्हापूर)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, येऊ शकतो. मयत व्यक्तीवर केलेला आरोप, ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाधक ठरला असता आणि तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असेल, तर तोही बदनामी ठरू शकतो, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. तुमचा हेतू तसा नाही हे तुमच्या पत्रातून दिसते. तरीही केवळ नावे बदलणे पुरेसे नाही. पेठ बदला, धंदा बदला, मुलांची संख्या आणि क्रम बदला, मृत्यूचे वर्ष आणि ऋतू बदला. काका चांदीच्या व्यवसायात असतील तर कादंबरीतला माणूस यंत्रमागाचा मालक करा. त्यामुळे तुमचे दुसरे कामही आपोआप होईल, कारण धंदा बदलला की कागद बदलतात, आणि नवे कागद शोधताना तुम्हाला घडलेल्या गोष्टीपासून सुटून कथेचा स्वतःचा विचार करावा लागेल.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी इतक्या सहज बोलू शकत नाही. तुमच्या पत्रात काकांविषयी दोन पाने आहेत आणि आत्या व काकूंविषयी चार ओळी आहेत. या दोघींनी ते सगळे कसे शोधले, कोणाच्या मागे कितीदा गेल्या, कोठे परत पाठवल्या गेल्या, आपसांत काय बोलल्या आणि काय बोलणे टाळले, हे तुम्ही त्यांना विचारलेले दिसत नाही. घरातल्या बाईला न विचारण्याच्या ज्या रिवाजावर काकांचे गुपित टिकले, तोच रिवाज त्यांच्याविषयी लिहिताना तुमच्याकडूनही नकळत पाळला जाऊ नये, एवढे मला मनापासून वाटते. लिहा, जरूर लिहा. पण पुढचे प्रकरण लिहायच्या आधी एक दुपार काढून आत्यांकडे जा, काकूंनाही तेथेच बोलावून घ्या, आणि लिहून झालेली पाने त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जेथे त्या "असं नव्हतं" म्हणतील, तेथे थांबून कसे होते ते ऐका, आणि ते छापायचे की नाही हेही त्यांनाच ठरवू द्या.